चालकाची जागा

बोलावलेली रुग्णवाहिका वाटेतच बर्फात अडकून पडली होती. निषादचे वडील, अण्णा, छाती दाबून धरून उभे होते आणि तो स्वतःच्या गाडीच्या दाराशी घुटमळत होता.

गाडी आपोआप चालायची, पण पुढे कुणीतरी बसावंच लागे, आणि बसेल तो कायद्याने चालक. जेवताना निषादने वाइन घेतली होती. तो बसताच आसनाला ते कळणार, गुन्हा नोंदला जाणार आणि या परक्या देशात राहण्याचा परवाना तिथल्या तिथे रद्द होणार.

"जाऊ दे परवाना," तो म्हणाला.

"आणि पोरांची शाळा? सर बाजूला," अण्णा धापा टाकत म्हणाले. "मी कधी थेंबाला शिवलो नाही."

ते कण्हत पुढे बसले.

"चालक योग्य आहे," म्हणत गाडी रुग्णालयाकडे निघाली.

वळणावर अण्णांची मान कलली. मागून निषादने ती दोन्ही हातांनी सावरून धरली. गाडीची काहीच हरकत नव्हती.