गेनूबाबांचा पहिला नंबर

गेनूबाबा हाडं बसवायचे. बांबूच्या कामट्या, अंड्याचा लेप अन् हातातली ताकद, एवढंच त्यांचं भांडवल. भर दुपारी एकाच्या मनगटाला पट्टी बांधत होते, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली अन् एक माणूस लेकीला खांद्यावर टाकून आत घुसला. पोरीचा पाय गुडघ्यापर्यंत टम्म सुजलेला.

"बाबा, घोणस चावली! आधी हिला बघा!"

"अरे लेका, मी हाडवैद्य! सापाचं इंजेक्शन दवाखान्यात असतं. तिकडं पळ!"

"कुठल्या दवाखान्यात? साप म्हटलं की डोक्यात तुमचंच नाव येतंय. वीस मैलांवरनं आलोय!"

बाबांनी कानामागची चकती चाचपली. ही शोधाची चकती सगळ्यांनाच बसवलेली होती. मनात गरज उठली की पहिल्या नंबरावरच्याचं नाव अन् पत्ता डोक्यात आपोआप उमटायचा, त्यामुळं रस्ते ध्यानात ठेवायची सवय कधीच मोडली होती. गिऱ्हाईक वाढावं म्हणून बाबांनी चकतीवर नाव लावायला एका जाहिरातवाल्याला पैसे दिले होते. तो म्हणाला होता, "बाबा, महिन्यात पहिला नंबर, ग्यारंटी!" कशात पहिला, ते बाबांनी विचारलंच नव्हतं. हाडांच्या कामात नंबर मिळेना, म्हणून त्या भामट्यानं त्यांचं नाव साप चावल्यावरच्या इलाजात नेऊन चिकटवलं होतं.

पोरीच्या हिरड्यांतनं रक्त यायला लागलं.

"चल, मी मागं बसतो. दवाखाना मीच दाखवतो," म्हणत बाबांनी पोरीला उचललं. गाडीवर बसून त्यांनी डोळे मिटले अन् सापाचा दवाखाना कुठं आहे, ते जीव तोडून मनात धरलं.

पत्ता लगेच उमटला. त्यांच्याच घराचा.