आपोआप सरळ होणारं लोखंड

"हा मागच्या रविवारचाच हूक का?" शिंप्यानं तो उजेडात धरून विचारलं.

"तोच," पोस्टमास्तर म्हणाले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण 'पोस्टमास्तर' ही हाक मात्र अजून नोकरीवर होती.

शिंप्यानं दंतवैद्याकडे पाहिलं. दंतवैद्यानं छपराकडे पाहिलं. मागच्या रविवारी याच शेडमध्ये, दोघांच्या डोळ्यांदेखत, पोस्टमास्तरांनी भिंतीवर लावायचा पानाच्या आकाराचा हूक घडवला होता. तेव्हा ते पान कमी आणि कुणीतरी पाय दिलेला चमचा जास्त वाटत होतं. आता देठ सरळ, टोक रेखीव, शीर बरोबर मधोमध.

"लोखंडाला घाई करायची नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "दोन दिवस एकटं सोडलं की आपोआप सरळ होतं. माझं निरीक्षण आहे."

"माझ्या जावयाला चार वर्षं एकटं सोडलंय," शिंपी म्हणाला. "काही फरक नाही."

तिघंही हौशी लोहार. दर रविवारी पोस्टमास्तरांच्या घरामागच्या शेडमध्ये जमायचे आणि आठवडाभरात घडवलेलं एकमेकांना दाखवायचे. आज शिंप्यानं मेणबत्तीचा स्टँड आणला होता. तो डावीकडे कलत होता; मेणबत्ती उजवीकडे कललेली घ्यावी, असा शिंप्याचा सल्ला होता. दंतवैद्यानं सांडशी आणली होती. ही नववी.

"ही कुणाच्या दातासाठी? हत्तीच्या?" शिंप्यानं विचारलं.

"तुमच्या जिभेसाठी."

हसणं झालं, पण दंतवैद्याचं लक्ष हुकावरच होतं. पुढच्या रविवारी गावोगावचे चाळीस हौशी लोहार एकत्र येणार होते. प्रत्येकानं सगळ्यांसमोर एक वस्तू घडवून दाखवायची होती. यादीत पहिलं नाव पोस्टमास्तरांचं, तेही त्यांनी स्वतःच घातलेलं. वस्तू: पानाचा हूक. तिथं लोखंडाला दोन दिवस एकटं सोडायला कोण थांबणार होतं?

पोस्टमास्तरांच्या पत्नी, या दोघांच्या वहिनी, चहाचा ट्रे घेऊन आल्या. मागे त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं, तेव्हा साधा कपही धरवत नव्हता. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला होता.

"ऐरणीवरचं उचला, ट्रे ठेवते," त्या म्हणाल्या. कुणी हललं नाही. तेव्हा त्यांनी ट्रे डाव्या हातावर तोलला, उजव्या हाताची पालथी बाजू हुकाजवळ क्षणभर नेली आणि मग तो उचलला.

दंतवैद्यानं ते नेमकं टिपलं. लोखंडाची लाली गेली तरी ते पोळतं, म्हणून पालथ्या हातानं आधी ऊब बघायची, ही सवय पुस्तकातून लागत नाही. ती भाजूनच लागते.

कप ठेवायच्या निमित्तानं तो स्वयंपाकघरात गेला.

"वहिनी, हूक तुम्ही सरळ करता."

वहिनींनी नळ सोडला. शेडपर्यंत आवाज जाऊ नये म्हणून. "सकाळी हे फिरायला जातात ना, तेव्हा. पाऊण तास मिळतो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली, भाऊजी. निवृत्त झाले आणि यांची वाचाच गेली. त्यात माझा हात. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मग ही भट्टी आणली आणि बोलायला लागले. पण घडवलेलं असं काही असायचं की बघवेना. एक दिवस म्हटलं, जरा ठोकून बघू. संध्याकाळी हुकाकडे बघून लहान मुलासारखे हसले. मग थांबता येईना."

"आणि तुमचा हात?"

"तो काय, झाला आपोआप बरा." त्यांनी नळ बंद केला आणि लगेच पुन्हा सोडला. "रविवारी फजिती झाली तर हे भट्टीला परत हात लावायचे नाहीत. काहीतरी करा, भाऊजी. त्यांना जाऊच देऊ नका. हवं तर मला चक्कर येईल."

"खरी?"

"म्हणाल तशी."

बुधवारी सकाळी दंतवैद्य पोस्टमास्तरांना वाटेत गाठायला निघाला. कोपऱ्यावरच थबकला. फिरायला गेलेले पोस्टमास्तर बंद लाँड्रीच्या पायरीवर बसले होते. गल्लीतून ठण् ठण् आवाज येत होता आणि त्यांचे ओठ हलत होते.

"मास्तर, चला, दोन पावलं चालू," दंतवैद्य घाईघाईनं म्हणाला. "तो आवाज गॅरेजचा असेल."

पोस्टमास्तरांनी बोट वर केलं. आवाज थांबेपर्यंत ते वरच ठेवलं.

"एकसष्ट," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी चार घावांत हात खाली आला होता तिचा."

दंतवैद्य पायरीवर बसला.

"तुम्हाला माहीत आहे?"

"मी बत्तीस वर्षं टपाल हाताळलंय, डॉक्टर. बंद पाकिटात काय आहे ते कळतं."

"मग रविवारचं नाव काढून टाका. चाळीस माणसं हसतील तुम्हाला."

"हसू देत की. ती पहिल्या रांगेत बसणार आहे. तिच्यासमोर माझा हूक सरळ निघाला, तर सोमवारी ती काय करेल?"

"सरळ निघाला तर! मास्तर, निदान माझ्यापाशी तरी बाता नकोत. दोन वर्षांत तुमचा एक हूक धड निघालेला नाही."

पोस्टमास्तर उठले. पँटची धूळ झटकली.

"सरळ काढायला मी पहिल्याच महिन्यात शिकलो, डॉक्टर. तिला त्या आठवड्यात जेमतेम दुरुस्त करता येईल, बरोबर तेवढंच वाकडं काढायला दोन वर्षं लागली."