मालिकेचं उद्यापन

शेवटचा भाग सुरू व्हायला चार मिनिटं होती, तेव्हा प्रेमाताईंनी मेन स्विच खाली ओढला. यूपीएस त्यांनी आधीच बंद करून ठेवला होता. घर गपकन अंधारलं आणि हॉलमधून नंदकिशोर ओरडले, "अगं, करंट गेला! नेमका आज!"

प्रेमाताई मेणबत्ती घेऊन बाहेर आल्या. ती टेबलावर ठेवून दिली.

"येईल हो. आपल्या के. आर. पुरम भागात हे रोजचंच आहे."

"येईपर्यंत भाग संपेल! आणि मोबाईलवर टाकतात ते उद्या दुपारी."

"मग उद्या बघू. उद्याचं उद्या."

'चार नंबरचं बिऱ्हाड' ही काही जगावेगळी मालिका नव्हती. सहा माणसं, दोन खोल्या आणि रोज नवा घोळ. पण अकरा वर्षं चालली, आणि आता ती संपणार म्हटल्यावर लोक महिनाभर हळवे झाले होते. कोणी वाहिनीला पत्रं पाठवली. शहरातल्याच सर्जापूर रोडच्या एका सोसायटीत तर आज मोठा पडदा लावून शेवटचा भाग, आणि वर पुरीभाजी, असा बेत होता. प्रेमाताईंना रडूबिडू आलं नाही. त्यांना महिनाभर घोर लागला होता.

अकरा वर्षांपूर्वी, बायपासनंतर नंदकिशोर सहा दिवस एक शब्द बोलले नव्हते. खाणं नाही, डोळे छताला. सातव्या दिवशी वॉर्डातल्या टीव्हीवर या मालिकेचा पहिला भाग लागला आणि ते हसले. टाके ताणले गेले म्हणून कळवळले आणि पुन्हा हसले. प्रेमाताईंनी तिथेच मनाशी नेम धरला. हे रोज दोघांनी बसून बघायचं, एक दिवस चुकवायचा नाही; हे चालू आहे तोवर यांना काही होणार नाही. हे खुळ्यासारखं आहे, हे बीएस्सी पहिल्या वर्गात पास झालेल्या बाईला कळत नव्हतं असं नाही. पण नेम म्हटला की उद्यापन आलं. सोळा सोमवारांचं करता येतं. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेचं कसं करायचं, हे कोणत्या गुरुजींना विचारणार? शेवटचा भाग बघितलाच नाही तर नेम चालूच राहील, एवढंच त्यांना सुचलं होतं.

नंदकिशोर दार उघडून जिन्यात गेले आणि वर तोंड करून ओरडले, "शालन, तुमच्याकडे आहे का गं करंट?"

तिसऱ्या मजल्यावरच्या शालन आणि बसवंतकडे आज बिल्डिंगमधली सगळी मराठी मंडळी जमली होती. शालन निपाणीकडची, मराठीत मधूनच कानडी मिसळणारी. तिने कठड्यावरून वाकून सांगितलं, "आमच्यात हाय की, काका! बर्री वर, या लवकर! सुरू झालं बघा!"

"आलोच!"

प्रेमाताईंनी त्यांचा दंड धरला. "जिना चढायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. तळमजला कशासाठी घेतला आपण?"

"सावकाश जातो गं." त्यांनी हात सोडवून घेतला आणि ते गेले.

प्रेमाताई धावत आत आल्या. अंधारात चाचपडत त्यांनी स्विच वर केला. दिवे लागले, पंखा फिरू लागला. त्या पुन्हा जिन्याशी आल्या. "अहो, आला करंट! खाली या!"

वर एकदम मोठा हशा पिकला. त्यात नंदकिशोरांचं हसू नव्हतं. ते त्यांनी शंभर माणसांत ओळखलं असतं. कठडा धरून त्या चढू लागल्या.

पहिल्या मजल्याच्या वरच्या वळणावर नंदकिशोर पायरीवर बसले होते. चेहरा पांढराफटक, सदरा घामाने ओला.

"छातीत दुखतंय का?"

"नाही. दम लागलाय." घाम पुसत ते म्हणाले, "स्विच तू पाडलास ना? जिन्यातला दिवा चालू होता. छत्तीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात इंजिनिअर होतो मी."

प्रेमाताईंनी सगळं सांगून टाकलं. वॉर्ड, नेम, महिनाभराचा घोर. "मला भीती वाटते हो," म्हणताना त्यांना रडू फुटलं. आता हे आपली चेष्टा करणार, असं त्या धरूनच चालल्या होत्या.

नंदकिशोर हसले नाहीत.

"मला वाटलं, हे माझ्याच डोक्यात आहे," ते म्हणाले. "महिनाभर झोप नाही मला. अंधार केलास तेव्हा बरंच वाटलं, वर जायला निमित्त मिळालं. काही झालंच तर तुझ्या एकटीसमोर नको. वर चार माणसं आहेत, बसवंतकडे गाडी आहे. पण इथवर आलो आणि पुढे पायच उचलेना."

दोघं तिथेच पायरीवर बसून राहिले; वर भाग संपेपर्यंत पुन्हा पुन्हा हशा होत राहिला. मग सगळे गप्प झाले. मालिकेचं गाणं लागलं, ते नेहमीपेक्षा सावकाश म्हटलं होतं. कोणीतरी मुसमुसत होतं, बहुतेक शालनच. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, त्याही थांबल्या.

प्रेमाताईंनी पदराने हात पुसला आणि नवऱ्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. नंदकिशोर नुसते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, बोटांना काय लागतंय ते तिथे दिसेल म्हणून.