कोरगावची पोती

कोरगावात काजू भाजून पाकिटांतून विकणाऱ्या गौरवीला सरकारी नोटीस आली. बाजारात सोडलेलं प्लास्टिक परत गोळा करा, नाहीतर भट्टी बंद करू.

सरकारी कागदपत्रं करून देणारा एक एजंट म्हणाला, "बाई, गोळा न करताच गोळा केल्याचं प्रमाणपत्र आणून देतो."

"नको. आमची पाकिटं आम्हीच वेचू."

भट्टीवरच्या बायकांना घेऊन तिने चार रविवार अख्खा गाव पिंजून काढला.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने अंगणातलं एक पोतं उघडलं. "ही तर सगळी मोठ्या कंपन्यांची पाकिटं! तुमची कुठं आहेत?"

"आमची ती तिकडे, वजन करून बांधलेली," गौरवी म्हणाली. "ही वीस पोती त्या कंपन्यांना पाठवायची आहेत, साहेब. पत्ते पाकिटांवर छापलेलेच आहेत. त्यांच्या नावे नोटीस तेवढी तुम्ही काढा."