कागदावर नसलेला पाईप

सरजाबाईची कुदळ खाली गेली आणि काळी केबल मधोमध तुटली. खड्ड्याच्या काठावरच्या बायका दोन पावलं मागं सरल्या. सरजाबाईनं पदरानं घाम पुसला.

"तुटू द्या," ती म्हणाली. "पाईप याच्याच खाली हाय. माती काढा."

दुसरं काय म्हणणार? भीमनगरच्या चाळीस घरांत बारा दिवस नळाला पाण्याचा थेंब नव्हता. बारा दिवसांपूर्वी नेटची केबल टाकणाऱ्या कंपनीचं मशीन हदगावच्या रस्त्यानं खोदत आलं. सगळीकडं कडक मुरूम, नुसती भीमनगरच्या पाईपवरची माती भुसभुशीत. मग काय, लेकाच्यांनी तिथंच दात घातले. पाईप फुटला, पाणी नालीत गेलं, टाकीवरच्या माणसानं भीमनगरचा व्हॉल्व्ह बंद केला. कंपनीच्या माणसांनी फुटक्या पाईपवरच केबल पसरली, वरून माती लोटली आणि पुढच्या गावाला निघून गेले.

सरजाबाई तीनदा ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक वैजनाथरावांनी तिन्ही वेळा तोच नकाशा टेबलावर पसरला. गावाची पाईपलाईन निळ्या शाईत, शाळेची निळ्या शाईत, मंगल कार्यालयाची सुद्धा निळ्या शाईत. भीमनगरच्या बाजूला कागद कोरा.

"बाई, तुमच्याकडं पाईपच नाही," वैजनाथराव म्हणाले. "जो नाहीच, तो कंपनीनं फोडला असं मी कसं लिहू? भरपाई मागायची तर नोंद लागते."

नाहीच म्हणे! अहो, तो चर भीमनगरच्या बायांनी स्वतःच्या हातानं खणला होता. पंधरा वर्षांपूर्वी गावच्या नळयोजनेतले पाईप उरले, तेव्हाचे सरपंच म्हणाले, पाईप घ्या, खोदाई तुमची. आठ दिवस खोदून सरजाबाईच्या तळहाताची सालटी निघाली. शेवटच्या दिवशी सरपंच आले, नारळ फोडला, गळ्यात हार घालून घेतला आणि नोंद नंतर करू म्हणाले. त्यानंतर दोन सरपंच झाले, नोंद काही झाली नाही.

बारा दिवस बाया अण्णारावांच्या शेतातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होत्या. वस्तीतली पोटुशी दीपमाला परवा बांधावरून घसरून पडली. दैवानं वाचली. त्या दिवशी सरजाबाईचं डोकं फिरलं आणि आज तिनं कुदळ काढली.

केबल तुटली साडेनऊला. अकरा वाजायच्या आत भीमनगरात तीन गाड्या! बँकेचं नेट गेलं होतं, रेशनचं अंगठ्याचं मशीन बंद पडलं होतं, सेवा केंद्रासमोर लोक खोळंबले होते. पुढच्या जीपमधून कंपनीचा सुपरवायझर शिवमूर्ती तावातावानं उतरला. त्याच्यामागून वैजनाथराव उतरले. बारा दिवसांत त्यांना भीमनगरचा रस्ता सापडला नव्हता, आज बरोबर सापडला.

"या साहेब, या!" सरजाबाई म्हणाली. "लेकरं तहानली तवा कुत्रं फिरकलं न्हाई. नेट गेलं तर जत्राच भरली की!"

"बाई, गुन्हा दाखल होईल तुमच्यावर," शिवमूर्ती खेकसला. मग वैजनाथरावांकडं वळला. "पंचनामा करा, साहेब. आन् यांनी खोदलं कशासाठी ते नीट लिहा. कारण न्हाई लिहिलं तर वरचे मलाच धरतेत. म्हणतेत, तूच केबल वरवर टाकली."

वैजनाथरावांना तेच हवं होतं. बालंट आपल्यावर यायच्या आत दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, यात त्यांचा हात कोण धरणार? जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी भराभर लिहिलं. सही केली, शिक्का मारला, जमलेल्यांतल्या दोघांना पंच म्हणून सह्या करायला लावल्या. मग कागद सरजाबाईसमोर धरला.

"हं, करा सही."

सरजाबाईच्या सुनेनं, धम्मप्रियानं, कागद आधी आपल्या हातात घेतला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"आत्याबाई, सही करू नका. सगळं नुकसान आपल्यावर लिहिलंय. लाखाच्या वर जातंय. घर विकावं लागंल."

"पहिल्यापासून वाच. मोठ्यानं."

धम्मप्रिया वाचू लागली. "'भीमनगर वस्तीची पिण्याच्या पाण्याची जमिनीखालील पाईपलाईन फुटलेली असल्याने, तिच्या दुरुस्तीसाठी सरजाबाई यांनी खोदकाम केले. त्यावेळी सदर पाईपलाईनवर टाकलेली कंपनीची केबल...'"

"थांब. कुणाची पाईपलाईन?"

"भीमनगरची."

"खाली शिक्का हाय?"

"हाय. साहेबांची सही बी हाय."

सरजाबाईनं चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि पेन मागितला. बाया ओरडल्या, धम्मप्रियानं तिचं मनगट धरलं. सरजाबाईनं ते हळूच सोडवलं. एकेक अक्षर जोडत तिनं आपलं नाव लिहिलं. मग धम्मप्रियाला मोबाइल काढायला लावला आणि शिक्क्यासकट सगळ्या कागदाचा फोटो घ्यायला लावला. वैजनाथराव कशाला, कशाला म्हणेपर्यंत फोटो निघाला होता.

सरजाबाईनं पेन त्यांच्या हातात परत दिला.

"केबल म्या तोडली. न्हाई म्हणत न्हाई," ती म्हणाली. "आता दुसरा कागद घ्या, साहेब. आमचा पाईप कुणी फोडला ते लिहा."