पंप दिला

"पंप दिला," आई मोठ्यानं म्हणाली आणि तिनं दम्याचा पंप कपाटावर ठेवून दिला. दिला कुठे? तोंडापर्यंत आणलासुद्धा नव्हता.

मुलगी सोफ्यावर ओणवी होऊन बसली होती. छातीत शिट्ट्या वाजत होत्या. एरवी नववीच्या अख्ख्या वर्गाला बोलबोलून गार करणारी ही बया, पण आज तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

आई नर्स. लागोपाठ दोन पाळ्या करून, वर प्रशिक्षणाचा वर्ग उरकून ती दुपारी घरी आली होती. पायातल्या चपलाही तशाच होत्या. तिच्या प्रशिक्षणात रबरी पेशंट असतो. त्याला औषध खरंखुरं द्यायचं नसतं. काय करतोय ते मोठ्यानं बोलायचं आणि औषध बाजूला ठेवायचं. मग काचेपलीकडचे सर यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा वाढवतात, नाहीतर पेशंटला सरळ मारून टाकतात.

परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून महिनाभर मायलेकी घरीच सराव करत होत्या. रबरी पेशंट मुलगीच, काचेपलीकडचे सरही मुलगीच. ती अशी काही तडफडायची की आई पोट धरून हसायची. उत्तर चुकलं की ती आईला खुशाल नापास करायची. गेला तुमचा पेशंट, सिस्टर, आता रडा. 'सराव संपला' म्हणायचा मानही तिचाच. त्याआधी आई जागची हलायची नाही.

मुलीनं आईची बाही ओढली. कपाटाकडे बोट दाखवलं.

"पेशंट घाबरली आहे," आई म्हणाली. "धीर दिला."

तिचे डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. ती आकडा वाढायची वाट बघत होती.

मुलगी उठायला गेली आणि परत कोसळली. नखं निळी पडली होती. कशीबशी एखाद-दोन शब्दांपुरती हवा आत आली. ती कशावर खर्च करायची? 'आई' म्हणावं, तर सरावातला पेशंट रोजच आई आई करून विव्हळायचा. 'पंप' म्हणावं, तर तो देऊन झाला होता. मग तिला सुचलं, आणि एवढ्या तगमगीतही स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं. आईला यातून बाहेर काढणारे शब्द तर तिच्याचकडे होते.

"सराव... संपला."

आईच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. खांदे सैल पडले. तिनं लेकीच्या घामेजलेल्या केसांवरून हात फिरवला आणि ती शेजारी टेकली.

"वाचली ना माझी पेशंट?" तिनं विचारलं, आणि उत्तराआधीच तिला गाढ झोप लागली.