पिशवीचे नाव

रक्तपेढीच्या अरुंद खोलीत फक्त शीतकपाटाची घरघर होती, आणि बहीण-भावाचे नुकतेच थांबलेले भांडण त्या गारव्यातही निवत नव्हते.

पडद्यावर लाल चौकट पेटली होती. रक्ताच्या पिशवीवर छापलेला लांबलचक क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. जुळल्याखेरीज पिशवी सोडायची नाही, हे यंत्रणेला त्यांनीच शिकवले होते.

“दुपारपर्यंत वाट पाहते,” पेढीच्या प्रमुख डॉक्टर दारातूनच बजावून गेल्या होत्या. “नाही जमलं तर हे सगळं काढून न्या. आमची जुनी पद्धत बरी.”

दोघांच्या कंपनीचे हे पहिलेच काम होते.

“माझ्या डेटाबेसमध्ये नंबर बरोबर आहे,” बहीण अखेर म्हणाली. “कितीदाही विचार, तेच उत्तर.”

“हो ना, तुझं सगळं सोनं. पितळ उघडं पडतं ते माझ्याच पडद्याचं!”

“तोंड नको चालवूस. पडद्याला मिळतं काय, ते दाखव.”

डेटाबेसमधली ओळ वेबपर्यंत जाते ती जेसन नावाच्या मांडणीतला साधा मजकूर होऊन: रकान्याचे नाव, आणि त्यापुढे त्यातला ऐवज. भावाने तो मजकूर उघडला. क्रमांक शेवटच्या अंकापर्यंत बरोबर होता. घरातून निघालेला माणूस पडद्याच्या उंबरठ्यापर्यंत तोच होता. आत पाऊल टाकताच चेहरा बदलत होता.

बहीण त्या बदललेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

“शेवटी शून्यच का येतं रे? दुसरी पिशवी घे.”

शून्य.

“तिसरी.”

शून्य.

“चूक असती तर वेडीवाकडी असती. ही फारच नीटनेटकी आहे.”

भाऊ ताडकन उठला. “ब्राउझर! तो याला आकडा समजतोय, ताई. एवढा लांब आकडा त्याच्या मुठीत मावत नाही, म्हणून शेपूट छाटतो. आणि आपण चाचणी कशावर घेतली? पिशवी एक, पिशवी दोन, पिशवी तीन!”

“आकडा कसला? पिशव्यांची बेरीज करायचीय का कुणाला? नाव आहे ते तिचं.”

“मग रक्तदात्याचं नाव पाठवतेस तसं पाठव की. अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून!”

तिची बोटे आधीच चालू लागली होती. क्रमांकाच्या दोन्ही अंगांना बारीक खुणा उमटल्या, ज्योतीभोवती वाऱ्याआड धरलेल्या तळव्यांसारख्या. भावाने पिशवी क्रमांक वाचणाऱ्या यंत्रासमोर धरली.

हिरवे.

दुसरी. हिरवे. तिसरी. त्याने टेबलावर अशी थाप मारली की पेले हिंदकळले.

“आता बोल, पितळ कुणाचं?”

“दोघांचं. गप्प बस,” ती म्हणाली, पण हसू तिला आवरेना, आणि डोळेही.

थाप ऐकून डॉक्टर आत आल्या. त्यांनी कपाटाच्या तळातली, या दोघांनी न हाताळलेली एक पिशवी काढली आणि स्वतः यंत्रासमोर धरली. पडदा हिरवा झाला.

“डॉक्टर, मग आमची यंत्रणा राहणार ना?” भावाने विचारले.

जुन्या पद्धतीत पिशवी सोडण्याआधी क्रमांक अंकाअंकाने मोठ्याने वाचला जाई. डॉक्टरांनी तो वाचला नाही. पिशवी दोन्ही हातांत घेतली, खांद्याने दार ढकलले, आणि लांब बोळातून त्या शस्त्रक्रियागृहाकडे चालू लागल्या.